सोबतीचे देणे

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी आयोजित केलेल्या देणगीदार कृतज्ञता मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने उभे राहावे, जमाखर्चाचे ठळक आकडे वाचून दाखवावेत आणि देणगीदारांचे आभार मानून खाली बसावे, असा प्रघात आहे. ते आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर लेखापरीक्षकांच्या सहीनिशी छापलेले आहेत. आपण ते सवडीने पाहावेत आणि शंका आल्यास अवश्य विचाराव्यात, अशी विनंती आहे. आज त्या आकड्यांमागे उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली. प्रश्न साधा आहे. माणसे का देतात? ज्यांच्यापाशी देऊन फार काही उरेल अशी स्थिती नाही, अशी तालुक्याच्या गावातील माणसे आपल्याच गावातील रुग्णालयाला वर्षानुवर्षे का देत राहतात?

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. जिथे जमा आहे तिथे कुठे ना कुठे नावेही असलेच पाहिजे, हे आमच्या शिक्षणाचे पहिले सूत्र. देणगीची रक्कम आमच्या वहीत जमेला येते. परंतु देणाऱ्याच्या मनातील वहीत ती कोणाच्या नावे पडलेली असते, हे आमच्या पावतीपुस्तकावरून कळत नाही. ते कळण्यासाठी माणसाशी बोलावे लागते. गेल्या काही वर्षांत आम्ही तसे अनेकांशी बोललो. त्यांपैकी एका दांपत्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपले नाव कोठेही छापू नये आणि व्यासपीठावरून उच्चारू नये, अशी उभयतांची अट आहे. सभागृहातील निम्म्या मंडळींनी ते एव्हाना ओळखले असेल. तरीही आम्ही अट पाळणार आहोत आणि त्यांना 'गुरुजी' व 'काकी' एवढेच म्हणणार आहोत.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. काकींची बाजारपेठेमागच्या आळीत पिठाची गिरणी. गुरुजींचे निवृत्तिवेतन आणि गिरणीचे उत्पन्न यांवर त्यांचा संसार चालतो. घर जुने आहे, वाहन म्हणावे असे नाही. मुले शिकून पुण्याकडे गेली. अशा या घरातून रुग्णालयाच्या कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली रक्कम येते. ती चुकल्याचे आमच्या दप्तरात आढळत नाही.

काकींच्या गिरणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण त्यांच्या देण्याचे मूळ तेथेच आहे. गिरणी चालविणाऱ्याला गावाची परिस्थिती तराजूवर कळते. पायलीभर ज्वारी एकदम दळून नेणारे घर कोणते आणि रोजच्या मजुरीतून दोन-दोन किलो आणणारे घर कोणते, हे तेथे विचारावे लागत नाही. दर आठवड्याला येणारा डबा अचानक दोन आठवडे आला नाही, तर त्या घरात कोणी आजारी आहे किंवा घरातील बाई कोणाची तरी सोबत करण्यासाठी रुग्णालयात गेली आहे, असा काकींचा अंदाज असतो आणि तो बहुधा खरा ठरतो. घरोघरी घरघंट्या आल्या, पिशवीबंद आटा आला, तसा गिरणीचा व्यवसाय उतरला. तरी ही नजर उतरली नाही. गावात कोणाला कशाची गरज आहे, हे शोधण्यासाठी मोठ्या संस्थांना पाहणी करावी लागते. काकींना ते दळणाच्या डब्यांवरून समजते.

आता त्यांच्या देण्यामागील कारणाकडे वळतो. १९७२ चा दुष्काळ या सभागृहातील ज्येष्ठांना आठवत असेल. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिलेली होती. १९७२ साली तर विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली आणि महाराष्ट्रातील लाखो कुटुंबे दुष्काळी कामांवर गेली. रस्त्यांसाठी खडी फोडणे, पाझर तलावांची माती वाहणे, नालाबांध घालणे हीच कामे. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी यांवर माणसे जगली. रोजगार हमी योजनेची मुळे त्या कामांत आहेत. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले.

काकी त्या वेळी दहा-बारा वर्षांच्या होत्या आणि आईवडिलांबरोबर खडी फोडीत होत्या. वडील कामावर आजारी पडले. त्यांना या गावातील सरकारी दवाखान्यात आणले गेले. उपचाराला पैसे पडले नाहीत. प्रश्न वेगळाच होता. आई आणि ही मुलगी राहणार कोठे आणि खाणार काय? बाजारपेठेतील एका किराणा दुकानदाराने आपल्या दुकानाच्या ओसरीवर त्यांना महिनाभर राहू दिले. त्यांच्या घरातील बाईंनी दोन वेळची भाकरी दिली आणि दवाखान्यात न्यायला कळशीभर पाणी दिले. वडील बरे होऊन कामावर परतले. ते बरे झाले ते सरकारी औषधाने. मात्र औषध संपेपर्यंत ते दवाखान्यात टिकले, ते त्या ओसरीमुळे, असे काकी आजही सांगतात.

गुरुजींची हकीकत याच जातीची. माण तालुक्यातील एका कोरडवाहू खेड्यातून ते शिकण्यासाठी बाहेर पडले आणि रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहिले. शेतात काम करावे, पाणी भरावे, स्वयंपाकघरात पाळीने राबावे आणि शिकावे, अशी तेथील रीत. फी किती होती हे त्यांना आठवत नाही. सुट्टीत घरी जाण्यासाठी पैसे नसत, तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आपल्या घरी जेवायला बसविले, हे मात्र आठवते.

तो दुकानदार आज नाही. त्याची मुले गाव सोडून कोठे गेली, कोणास ठाऊक नाही. ते अधीक्षकही निवर्तले. कर्ज आहे, पण सावकार हयात नाही, अशी ही स्थिती. आमच्या शास्त्रात अशी रक्कम काही काळाने निर्लेखित करून टाकतात. गुरुजी आणि काकींनी तसे केले नाही. ज्यांनी दिले त्यांना परत करता येत नाही, तर त्यांनी ज्या दारात दिले त्या दाराशी पुढे जो येईल त्याला द्यावे, एवढाच त्यांचा हिशेब. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले. अशा माणसांना आपण दान करीत आहोत असे वाटतच नाही. ती देणे फेडीत असतात. आणि ते देणे या गावाचे असल्याने ते याच गावात फेडावे, असे त्यांना वाटते.

ही वृत्ती आपल्या मातीला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या अन्नाची चिंता ज्यांनी वाहिली त्या लक्ष्मीबाई. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी एकेक दागिना मोडला आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत संस्था लहानच होती. पुढे तिचा विस्तार महाराष्ट्रभर झाला. कर्मवीरांचे नाव सर्वांच्या मुखी आहे आणि ते रास्तच आहे. परंतु त्या संस्थेच्या ताळेबंदातील पहिल्या ठेवींपैकी एक ठेव साताऱ्यातील एका गृहिणीच्या अंगावरच्या सोन्याची होती, हे देणगीदारांच्या मेळाव्यात विसरू नये, असे आम्हांस वाटते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनीही स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी देशभर निधी जमविला, पण त्यांच्या सार्वजनिक जीवनात कोकणातील आपल्या मूळ गावासाठी उभारलेल्या 'मुरूड फंडा'लाही स्थान आहे. मोठी कामे करणारी माणसेही आपल्या गावाचे देणे बाजूला ठेवीत नाहीत, हाच या दोन्ही उदाहरणांचा अर्थ.

आता काही मंडळी आम्हांस विचारतात आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे, की शासनाच्या इतक्या योजना असताना देणग्यांची गरज काय? याचे उत्तर नीट देणे आमचे कर्तव्य आहे.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्यासाठी देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हे आमच्यावरील उपकार नव्हेत आणि आमचे रुग्णांवरील उपकारही नव्हेत. तो कायदा आहे आणि रुग्णाचा तो हक्क आहे. ज्या कुटुंबीयांना याची माहिती नसेल त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन आमच्या समाजसेवा अधीक्षकांना अवश्य भेटावे. तसेच २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना आहे. तिच्यामुळे अनेक कुटुंबांचे दागिने आणि जमिनी वाचल्या आहेत, हे आम्ही येथे काम करताना पाहिले आहे.

पण योजना उपचाराचे पैसे देते. ज्या ओसरीवर काकी महिनाभर राहिल्या, त्या ओसरीचे पैसे कोणतीही योजना देत नाही.

याचे उदाहरण म्हणून आपण डायलिसिसचा विचार करू. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. वर्षाचे १५६ दिवस झाले. उपचार योजनेतून झाला, यंत्राचे भाडे पडले नाही, असे धरू. एस. टी. महामंडळाची डायलिसिसच्या रुग्णांसाठी साध्या गाडीत सवलतही आहे. पण एस. टी. फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वाडीपर्यंत वडाप किंवा रिक्षा करावी लागते. चार तासांनंतर गळून गेलेल्या माणसाला दोन मैल चालत जा, असे कोण म्हणणार? शिवाय रुग्ण एकटा येऊ शकत नाही. त्याच्यासोबत पत्नी, मुलगा किंवा सून येते आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. येण्याजाण्याचे १०० रुपये आणि बुडालेला रोज ३०० रुपये एवढेच माफक धरले, तरी दिवसाला ४०० आणि वर्षाला ६२,४०० रुपये होतात. उपचार मोफत असूनही शेतमजुराच्या घराला हा भार पेलत नाही. मग आठवड्याच्या तीन फेऱ्यांच्या दोन होतात, दोनाची एक होते. अंगावर सूज येते, श्वास लागतो आणि एके दिवशी तो रुग्ण येईनासा होतो. आमच्या नोंदवहीत त्यापुढे 'अनुपस्थित' एवढाच शेरा असतो.

गुरुजी व काकींनी पहिली मोठी रक्कम देण्याचे ठरविले, तेव्हा ते कार्यालयात आले. नवी इमारत कोठे होणार, कोनशिला कोठे बसणार, याविषयी त्यांनी काही विचारले नाही. काकींनी विचारले ते असे, की डायलिसिस अर्ध्यावर सोडून जातात ते कशापायी सोडतात? हा प्रश्न इमारतींसाठी देणाऱ्यांच्या मनात सहसा येत नाही. गिरणीत बसून दोन किलोंचे डबे मोजणाऱ्या बाईंच्या मनात तो आला. त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून रुग्णाच्या सोबत्यासाठी वेगळे खाते उघडले गेले. त्यातून फाट्यापासूनचे भाडे दिले जाते, सोबत्याला दोन वेळचे जेवण मिळते आणि दूरच्या गावाहून आलेल्यांना रात्री पाठ टेकण्यासाठी जागा व अंथरूण मिळते. कोण अनुपस्थित राहिला याची नोंद आता त्याच दिवशी समाजसेवा विभागाकडे जाते आणि फोन करून कारण विचारले जाते. उपचाराचे तंत्र पूर्वीचेच आहे. सोबत मिळाल्याने रुग्ण परत येऊ लागले, हे आमच्या डायलिसिस विभागातील परिचारिका भगिनी आपणांस सांगतील.

गुरुजींचे देणे आणखी वेगळे आहे. दर मंगळवारी सकाळी ते नोंदणीकक्षाबाहेरच्या बाकावर बसतात आणि लोकांचे अर्ज भरून देतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, योजनेची कागदपत्रे, आधारपत्रावरील आणि रुग्णालयातील नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र. खेड्यातून आलेला माणूस कागदाला घाबरतो. हक्क असूनही केवळ एका कागदापायी तो हक्क त्याला मिळत नाही. शिक्षकाच्या वळणदार अक्षराची किंमत आमच्या जमाखर्चात कोठेच दाखविता येत नाही, ही आमच्या शास्त्राची मर्यादा आहे.

करसवलतीसाठी लोक देतात, असाही एक समज आहे. तो सर्वस्वी खोटा नाही आणि सवलत घेण्यात गैर काहीच नाही. '८०जी' या नावाने सर्वांना परिचित असलेली वजावट आमच्या संस्थेच्या पावतीवर मिळते. मात्र दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. मोठी देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी. नव्या करप्रणालीचा पर्याय असणाऱ्यांना ही वजावट नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गुरुजींना आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. पुढील महिन्याची रक्कम नेहमीप्रमाणे आली.

आता आमच्या काळजीचा विषय. जुन्या रुग्णालयांच्या भिंतींवर आपण संगमरवरी पाट्या पाहतो. कोणाच्या तरी स्मरणार्थ कायमची एक खाट, त्यासाठी पाच हजार रुपयांची कायम ठेव. ज्या काळी ही रक्कम दिली गेली त्या काळी ती मोठीच होती. देणाऱ्याने कदाचित एखादे शेत विकून ती दिली असेल. आज सात टक्के व्याज धरले तर त्या ठेवीचे वर्षाला ३५० रुपये येतात. दिवसाला एक रुपयादेखील पडत नाही. मुद्दल शाबूत आहे, पाटी शाबूत आहे. परंतु खाटेचा खर्च त्यातून भागत नाही. यात दात्याचा दोष नाही आणि विश्वस्तांचाही नाही. महागाई ही मुद्दलाला लागलेली कसर आहे. ती आवाज न करता कागद खात असते.

याचा अर्थ एवढाच, की कोणत्याही पिढीचे देणे पुढच्या पिढीला पुरत नाही. आजोबांनी खाट दिली म्हणून नातवाचे कर्तव्य संपत नाही. गुरुजी व काकींपुढे आम्ही दोन्ही मार्ग मांडले होते. सगळी रक्कम कायम निधीत ठेवून पाटी लावणे हा एक, आणि दरवर्षीच्या खर्चासाठी देत राहणे हा दुसरा. त्यांनी आपली मोठी रक्कम कायम निधीत दिली, पण तिच्या व्याजाचा काही भाग दरवर्षी पुन्हा मुद्दलात मिळवावा, असे लिहून दिले. पाटी नाकारली. आणि दरमहाची रक्कम वेगळी चालू ठेवली. दळणाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या बाईंना हे सांगावे लागले नाही, की बियाण्यासाठी ठेवलेले धान्यही दर हंगामाला बदलावे लागते.

काकी आता थकल्या आहेत. गिरणीचा पट्टा चढविण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागते. दर मंगळवारी बाकावर बसणारे गुरुजी मध्यंतरी दोन महिने येऊ शकले नाहीत. देणगीदारांच्या यादीवरून नजर फिरविली की दिसते, नियमित देणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग साठीच्या पलीकडे आहे. त्यांची मुले पुणे-मुंबईला आहेत, आखातात आहेत, अमेरिकेत आहेत. ग्रामदैवताच्या यात्रेची वर्गणी ती न चुकता पाठवितात, मंदिराच्या कळसाला रक्कम कमी पडत नाही आणि त्याबद्दल आम्हांस आनंदच आहे. रुग्णालयाची गोष्ट वेगळी असते. येथे माणूस दुःखात येतो, देयक घेऊन जातो, कधी आपले माणूस गमावून जातो. त्या आठवणीकडे परत वळून पाहण्यास मन धजत नाही. म्हणून रुग्णालयासाठी मागणे नेहमीच अवघड असते. तरीही मागणे भाग आहे, कारण गुरुजी व काकींच्या पिढीनंतर सोबत्यांच्या खात्यात रक्कम कोण भरणार, या प्रश्नाचे उत्तर आज आमच्यापाशी नाही. ते येथे बसलेल्या आपणांपाशी आहे.

बाहेरगावी आणि परदेशी गेलेल्या मुलांना आपण हे कळवावे, अशी विनंती आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून दिलेली देणगी विदेशी निधी ठरत नाही आणि ती आम्हांस स्वीकारता येते. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांच्या देणगीस मात्र विदेशी अंशदानविषयक कायदा लागू होतो. अशांनी पैसे पाठविण्यापूर्वी कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, म्हणजे त्यांचीही अडचण होणार नाही आणि संस्थेचीही.

आम्ही काय मागत आहोत, तेही स्पष्ट सांगतो. नवीन पाट्यांसाठी नव्हे, तर नेहमीच्या खर्चासाठी द्या. फाट्यापासूनचे भाडे, सोबत्याचे जेवण, अंथरुणांची धुलाई, रात्रपाळीच्या परिचारिकेचे वेतन, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेची देखभाल. यांपैकी कशाचेही उद्घाटन होत नाही आणि यांपैकी एक गोष्ट जरी थांबली तरी उपचार थांबतो. रक्कम लहान असली तरी चालेल, ती नियमित असावी. दरमहा शंभर रुपये देणारी दहा घरे मिळून वर्षाला १२,००० रुपये होतात. एवढ्या रकमेत शंभर रुपयांच्या हिशेबाने १२० वेळा कोणाला तरी वाडीपर्यंत पोहोचविता येते. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी आठवड्यातील एक सकाळ द्यावी. गुरुजींच्या बाकावर दुसऱ्या माणसालाही बसता येईल एवढी जागा आहे.

त्याच्या बदल्यात आम्ही काय देऊ शकतो? मान-सन्मान फारसे नाही. हिशेब मात्र देऊ शकतो. मार्चअखेर काकी कार्यालयात येतात आणि गेल्या वर्षीची रक्कम कोठे गेली, हे खुर्चीवर बसून तपशिलाने विचारतात. त्या दिवशी आमचे लेखापाल सकाळपासून वह्या काढून तयार असतात. लेखापरीक्षकांची सही असतेच, पण दातीच समोर बसून विचारते तेव्हा हिशेबाला वेगळी धार येते. दूरच्या मोठ्या दात्याला अहवाल पाठविता येतो. गावातील दात्याला उत्तर द्यावे लागते, कारण तो उद्या बाजारात भेटणार असतो. स्थानिक देणगीचे हे बळ रकमेपेक्षाही मोठे आहे, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. हा अधिकार एकट्या काकींचा नाही. तो प्रत्येक देणगीदाराचा आहे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांचाही आहे. आपण तो वापरावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

 विश्वस्त मंडळाच्या मार्गदर्शनाबद्दल, डॉक्टर व परिचारिका यांच्या अविश्रांत सेवेबद्दल, सफाई व स्वयंपाक विभागातील सहकाऱ्यांच्या कष्टांबद्दल आणि ज्यांची नावे या अहवालात छापली आहेत व ज्यांनी ती छापू दिली नाहीत अशा सर्व देणगीदारांबद्दल आम्ही संस्थेच्या वतीने कृतज्ञता व्यक्त करतो. सोबत्यांसाठीच्या खात्याची वही आज सभागृहाबाहेरच्या मेजावर ठेवलेली आहे. या वर्षीचा प्रत्येक खर्च तीत लिहिलेला आहे. जाताना आपण ती उघडून पाहावी.